विहीणबाई आणि घोड्याच्या चंदीची बिस्किटं

सन दोन हजार चोवीस. माझं वय सत्त्याहत्तर. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही असता तर पहिल्या ओळीलाच लाल पेन उघडलं असतं. आता उघडा बघू.

माझ्या सुनेनं, म्हणजे तुमच्या वैदेहीनं, एक वही केलीय, विहीणबाई. तुमच्या नावाची. जाड पुठ्ठ्याची, वर तुमचा शाळेतून रिटायर झालात तेव्हाचा फोटो, शाल-नारळवाला. ज्यानं त्यानं आईबद्दल एकेक पान लिहायचं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. तुमच्या शाळेतल्या बायांनी लिहिलं. मी आपल्या नातीकडून, सईकडून वाचून घेतलं. तुम्ही मायेचा सागर होतात म्हणे. तुमच्या तोंडून कधी कुणी वाकडा शब्द ऐकला नाही म्हणे. मी म्हटलं, सई, पान उलट, ह्या दुसऱ्याच कुठल्या बाईबद्दल बोलताहेत.

मग वैदेही म्हणाली, "बाबा, तुम्हीपण लिहा ना. सहा वर्षं रोज बरोबर होतात."

बरोबर! एका छपराखाली दोन मांजरं राहतात, त्याला बरोबर म्हणत नाहीत. तरी लिहितो. पण गोड लिहिणार नाही. साखर कुठे थांबवायची ते नानखटाईवाल्याला कुणी शिकवायला नको.

पहिली तक्रार अशी, की तुम्ही न सांगता गेलात. दुपारी जेवलात, आडव्या झालात आणि चहाला उठलाच नाहीत. चौतीस वर्षांचं भांडण असं अर्ध्यात टाकून जायचं असतं का? आमच्याकडे गल्लीतले कुत्रेसुद्धा भांडण संपवून जातात. आणि जाण्याआधी माझ्याशी शेवटचं काय बोललात, आठवतंय? मी गॅलरीतून आत येत होतो. तुम्ही पांघरूण ओढत म्हणालात, "दार लावून घ्या, व्याही. आणि चोर काय, सगळे बाहेरूनच येतात असं नाही."

हा तुमचा शेवटचा शब्द. हा मी जन्मभर सांभाळायचा.

शेजारच्या हंसाबेन भेटायला आल्या, पदर डोळ्याला लावून. "तमारां वेवाण तो देवी हतां," म्हणाल्या, वेवाण म्हणजे विहीण, तुम्ही. मी म्हटलं, "हां बेन, देवीच. त्रिशूळासकट." त्यांना वाटलं दुःखानं माझं डोकं फिरलंय. पाणी आणायला पळाल्या.

आता वही वाचणाऱ्यांना मूळ भानगड सांगायला हवी, नाहीतर म्हणतील म्हातारा उगाच मेलेल्या बाईवर घसरला.

माझी भट्टी होती. दांडिया बाजारच्या मागल्या गल्लीत, लाकडावरची. शाळा सोडून तिथे लागलो तेव्हा फळीवर उभं राहिल्याशिवाय मळायच्या परातीला हात पुरत नव्हता. उस्तादांनी शिकवलं आणि जाताना भट्टी माझ्या हातात दिली. पहाटे पाव. पाव निघाले की उतरत्या आगीवर लोकांची नानखटाई. तेव्हा तयार माल कोण घ्यायचं? दिवाळी आली की घराघरांतून बाया आपला मैदा, आपली साखर, आपलं तूप घेऊन यायच्या. आम्ही मळायचं, पत्र्यावर लावायचं, भाजून द्यायचं. आणि बाया काय करायच्या? समोरच्या बाकड्यावर ठाण मांडून बसायच्या. का? तर भट्टीवाला तूप मारतो. सगळ्या बडोद्याला हे पाठ होतं. बाया विणकाम घेऊन बसायच्या, पण नजर तुपाच्या डब्यावर. मला त्याचं काही वाटायचं नाही. बसा. बघा. मी चमचाभर कुणाचं घेतलं नाही. आणि माझा पत्रा कधी जळला नाही. ही दुसरी गोष्ट मी जास्त जोरात सांगायचो. शिकलेल्याला सर्टिफिकेट असतं. माझं सर्टिफिकेट हेच. आत चिमूटभर मैदा टाकून, तो किती वेळात तपकिरी होतो त्यावरून आग ओळखायचो. घड्याळ नाही, काटा नाही. गल्लीत म्हण होती, ह्याच्या पत्र्याला डाग नाही.

तुम्ही आलात ती दिवाळीच्या आधीची दुपार. मास्तरीणबाई. पाच पत्र्यांचं सामान, पितळी डब्यात तूप आणि एका हाताला सहा वर्षांची मुलगी. बसायच्या आधी तुम्ही पदरानं माझं बाकडं पुसलंत. तिथूनच माझं डोकं फिरलं होतं.

"आमचे आजोबा महाराजांच्या खानगीत दफ्तरदार होते," तुम्ही म्हणालात. कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "आमचे पणजोबा पागेत होते. दफ्तरं ज्यांच्या जिवावर सुखरूप राहायची, त्यांच्यात."

"घोडे धुवायला?"

"बसायला."

अशी आपली ओळख झाली. नंतर जे काही झालं, ते ह्याच पिठाचं.

आता पुढचं. पुढचं मी चौतीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. गेलेल्या बायकोला नाही, पोटच्या पोराला, नितीनलाही नाही. त्या दिवशी संध्याकाळी माल मोजून घेतलात तेव्हा पाचाऐवजी चार पत्र्यांची नानखटाई भरली. तोवर बाकड्यावर सात-आठ बाया जमल्या होत्या. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, एक पत्रा कुठे गेला? आणि मी म्हणालो, "तूप कच्चं कढवलंय तुमचं. पाणी राहिलंय त्यात. माल कमीच भरणार."

तुमचा चेहरा लाल झाला. ते तूप तुम्ही दोन महिन्यांची साय साठवून कढवलं होतंत. पुढे कितीदा तरी ऐकवलंत ते. डबा झाकलात आणि म्हणालात, "माझं तूप कच्चं नाही, तुमचा हात लांब आहे."

गल्लीभर झालं. त्या दिवाळीपासून तुमच्या शाळेतली एक बाई माझ्याकडे फिरकली नाही.

मी मान वर करून उभा राहिलो. चोर म्हणवून घेतलं.

मग अठरा-एकोणीस वर्षं तुमचं तोंड बघावं लागलं नाही. सुखाची वर्षं. आणि एक दिवस नितीन मकरपुऱ्याहून आला आणि म्हणाला, कंपनीतल्या एका मुलीशी लग्न करायचंय. नाव-गाव विचारलं, तर मुलगी तुमची. तुमच्याकडे काय झालं तेही कळलं मला. "त्या तूपवाल्याचा मुलगा?" असं म्हणून तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत म्हणे. दोन दिवसांनी जेवलात, हे तुमचं नशीब. मी तर तीन दिवस सगळ्यांवर ओरडत होतो.

पण मुलगी बघायला गेलो. वैदेही चहा घेऊन आली. पोहे ठेवले, वाकून नमस्कार केला, आणि वर बघून हसून म्हणाली, "काका, अजून नानखटाई करता का?"

बस. एवढंच. "करतो की," म्हटलं आणि पोहे खाली बघून खाल्ले. त्यांत मीठ होतं की नव्हतं मला ठाऊक नाही. नितीनला वाटलं मुलगी मला पसंत नाही. पसंत काय नाही! लग्नाला मी लगेच हो म्हटलं ते का, हे कुणाला कळलं नाही. तुम्हाला वाटलं, तुमच्या घराण्यापुढे झुकलो.

लग्नाच्या पंगतीत तर तुम्ही कमाल केलीत. वाढपी वरणावर तूप घालत आला. तुम्ही मागून हाक दिलीत, "अहो, तूप जपून हां, वरपक्षाची पंगत आहे." दोन्हीकडची माणसं हसली. नितीन हसला. मी वाटी पालथी घातली. त्या दिवशी पंगतीत कोरडा वरणभात खाल्ला, आणि पुढे तुमच्या घरी कधीही जेवलो की कोरडाच खाल्ला.

वैदेही मात्र हसली नव्हती. हे मी तेव्हा बघितलं होतं.

आणि मग सहा वर्षांपूर्वी तुम्ही इथे हरणीला आमच्यात राहायला आलात. व्याही गेले होते, तुमचा गुडघा गेला होता, मुलगी एकुलती एक. मी नाही म्हणालो नाही. हेही वहीत कुणी लिहिलेलं नाही, म्हणून मीच लिहितो. माझी भट्टी तोवर बंद झालेली. खांदा उचलत नव्हता आणि गल्लीत लाकडाच्या धुराला लोक ओरडायला लागले होते. मी गॅलरीत बसलेला रिकामा माणूस. आणि तुम्ही दोन बॅगा, एक पुस्तकांची पेटी आणि एक विजेची भट्टी घेऊन आलात. टीव्हीएवढी. मी आयुष्यभर ज्या कामावर जगलो, ते काम तुम्ही ओट्यावर प्लग लावून सुरू केलंत. मला एका शब्दानं विचारलं नाहीत.

घरची सकाळ म्हणजे रणांगण. नितीन सहाला करजणच्या गाडीला पळतो. वैदेहीची कंपनीची बस पावणेसातला गेटवर. सईची व्हॅन सातला. कोण काय खाऊन जायचं? कुणीच काही नाही. तुम्ही आठवडाभर बघितलंत, मास्तरणीसारखं पाठीमागे हात बांधून. आणि रविवारी ओट्यावर ओटचं पाकीट ओतलंत. त्यात कणीक, किसलेला गूळ, कुस्करलेली पिकली केळी, मनुका, काजूचे तुकडे, दालचिनी आणि तुमचं ते तूप. मळलंत. गोळे केलेत. ताटात मांडून फ्रीजरमध्ये, कडक झाले की डब्यात. आठवड्याचा माल. रोज पहाटे दहा गोळे तसेच्या तसे ओव्हनमध्ये. निघताना एक हातात, दोन डब्यात. बसमध्ये खा, व्हॅनमध्ये खा.

सईनं नाव विचारलं. "कुकीज," तुम्ही म्हणालात.

"बिस्किट म्हणतात त्याला," मी गॅलरीतून ओरडलो. "आणि ओट हे घोड्याचं खाणं आहे. सकाळ-संध्याकाळ घोड्याला दाणा घालतात ना, चंदी, ती ही. आमच्या पणजोबांच्या घोडीनं खाल्ली ती तुम्ही पोरांना घालताय."

"घोडीला मिळत होती ना?" तुम्ही पीठ मळता मळता. "स्वारांना मिळाली असती तर चार अक्षरं आली असती घराण्यात."

सई इतकी हसली की तिला ठसका लागला. तिच्या पाठीवर कोणी थापटायचं यावरूनही आपण भांडलो.

खरं सांगू? मी त्यातलं एक बिस्किट पहिल्याच दिवशी, तुम्ही देवाजवळ बसला होतात तेव्हा, मोडून हुंगलं होतं. खाल्लं नाही. खाणार नव्हतो. पण मोडलं की भट्टीवाल्याला सगळं कळतं. तूप चोख होतं. गूळ बरोबर. मीठ कमी. आणि ओट कोरडेच घातले होते, त्यामुळे कडा टोचत होत्या. आधी अर्धा तास कोमट दुधात भिजवले असते तर काम झालं असतं. एवढी एक ओळ. सहा वर्षं पोरीच्या तोंडाला कडा टोचल्या आणि मी ती ओळ तुम्हाला सांगितली नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. घरात चाळीस वर्षं भट्टी चालवलेला माणूस बसलेला, आणि तुम्ही मोबाइलवर बघून बिस्किटं करत होतात!

पण ह्या सगळ्यापेक्षा मला काय झोंबायचं माहीत आहे? ती खुर्ची. ओव्हन लावला की त्याच्यासमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, चष्मा लावून, मांडीवर पुस्तक घेऊन तुम्ही काचेतून बघत बसायचात. पंधरा-वीस मिनिटं. हुबेहूब माझ्या बाकड्यावर बसायचात तशा.

मी एकदा म्हटलं, "कुणी तूप पळवणार आहे का आतून?"

तुम्ही मान न वळवता म्हणालात, "सवय आहे. एकदा उठले होते, महागात पडलं."

उठला होतात. बरोबर. त्या दिवशी तीन पत्रे निघेपर्यंत तुम्ही बाकड्यावरून हलला नव्हतात. मग बाजारातून पणत्या आणायला उठलात. मुलगी कंटाळली होती, तिला तिथेच ठेवून गेलात. "काकांना त्रास देऊ नको," म्हणालात. दुपारची वेळ, दुसरं कुणी नव्हतं.

आता पुढे जाण्याआधी डोळ्यांचं सांगतो. हे मी मुद्दाम मध्येच घालतोय, कारण नंतर लिहिणं जमणार नाही. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतर महिनाभर दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. वैदेही-नितीन कामावर. कोण घालणार? तुम्ही घड्याळ लावून यायचात. एक दिवस चुकला नाहीत. "डोळे उघडा. चोरासारखे मिटू नका." असं म्हणत थेंब घालायचात, पण तुमचा हात हलका होता. एवढा हलका हात मी लोण्याच्या पिठालासुद्धा लावला नाही. मी आभार मानले नाहीत. तुम्ही मानू दिले नसते. मानले असते तर म्हणाला असतात, वाक्य पूर्ण करा.

आणि त्याच दिवसांत सईनं ते विचारलं. तुम्ही थेंब घालत होतात, ती शेजारी अभ्यासाला. "आजी, आबांनी खरंच तूप चोरलं होतं?"

तुम्ही म्हणालात, "मला काय विचारतेस? आबांना विचार."

माझ्या डोळ्यांत थेंब, छत दिसत नव्हतं. मी म्हणालो, "हो, चोरलं. मिशीला लावायला."

सई हसली. तुम्ही नाही हसलात. थेंबांची बाटली बंद केलीत आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिलात. मला दिसत नव्हतं, पण कळत होतं. तुम्ही काय बघत होतात, विहीणबाई? विचारायचं राहिलं. भीती वाटली म्हणून नाही विचारलं. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहितोय.

तुम्ही जायच्या तीन आठवडे आधी तुमचा पत्रा जळला.

मी गॅलरीत होतो. तुम्ही खुर्चीत, पुस्तक मांडीवर, मान कलली होती. तेव्हा तुमचं वय झालंय, तब्येत उतरलीय, हे घरात कुणाला दिसलं नव्हतं. वास मला आधी आला. गूळ करपायच्या आधी एक वास येतो, गोड आणि किंचित कडू. तो आला की हाताशी दोन मिनिटं असतात. मला कळलं. मी उठलो नाही.

पुन्हा लिहितो, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. मी उठलो नाही. हाक मारली नाही. मला तुमचा पत्रा जळायला हवा होता. जळला की मास्तरीणबाई काय करते ते मला बघायचं होतं. लपवते का? ओव्हनवर ढकलते का? माझ्यावर?

धूर झाला. तुम्ही दचकून उठलात, दार उघडलंत, फडक्यानं पत्रा बाहेर काढलात. दहाच्या दहा काळे. वैदेही धावत आली, नितीन बूट हातात घेऊन आला, सई दात घासता घासता. आणि तुम्ही काय म्हणालात?

"जळले. माझ्याकडून जळले, डोळा लागला माझा. आज पोळीला तूप-साखर लावून देते."

झालं! वैदेही म्हणाली, "असू दे गं आई." नितीननं खिडकी उघडली. पाच मिनिटांत पोळ्या गुंडाळून सगळे पसार. आभाळ कोसळलं नाही. कुणी तुमच्याकडे वळूनही बघितलं नाही. तुम्ही काळी बिस्किटं कचऱ्यात टाकलीत आणि पत्रा घासायला घेतलात.

मला इतका राग आला, विहीणबाई, की त्या दिवशी मी जेवलो नाही. एवढं सोपं होतं? एवढंच म्हणायचं असतं?

कारण त्या दिवाळीला चौथा पत्रा आत होता आणि तुमची वैदेही बाकड्यावरून उतरून माझ्याजवळ आली होती. "काका, घोडा म्हणजे किती मोठा असतो?" असं विचारलं तिनं. मगाशी आपलं दोघांचं भांडण ऐकत होती ना. मला काय, विषय आवडीचा. पणजोबांच्या घोडीची गोष्ट सांगायला लागलो. मिरवणुकीत भर रस्त्यात घोडी थांबली, काही केल्या हलेना, पणजोबांनी अंगरख्याच्या खिशातून मूठभर चंदी काढून दाखवली, तेव्हा चालायला लागली आणि चालली ती थेट बँडवाल्यांच्या मधोमध. पोर खिदळत होती. मी घोडी होऊन दाखवत होतो. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, पिठाच्या हातांनी कान करून.

आणि वास आला. तेव्हा दोन मिनिटंही उरली नव्हती.

पत्रा ओढला तर काळा कोळसा. माझ्या पत्र्याला डाग नाही, म्हणतात ना लोक? सबंध पत्रा मी राखेच्या खड्ड्यात उलटा केला आणि वरून राख ओढली. उभ्या आयुष्यात एवढ्या घाईनं मी दुसरं काम केलेलं नाही. वळलो तर पोर समोर उभी.

"काका, ते काळं का झालं?"

मी पाचवा पत्रा आत ढकलला. तो निघाल्यावर त्यातली एक गरम नानखटाई कागदात घालून तिच्या हातात ठेवली. "आईला सांगायचं नाही हं." तिनं भरल्या तोंडानं मान हलवली.

आणि सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, चहा घेऊन आली तेव्हा नाही, पंगतीत नाही, सहा वर्षं आपण दोघं तिच्यासमोर तुपावरून एकमेकांना फाडत होतो तेव्हाही नाही. तिला आठवतंय की विसरली, हे मला पंधरा वर्षं कळलं नव्हतं. रोज तिच्या हातचं जेवलो आणि रोज हाच विचार. विसरली असेल तर मी सुटलो. आठवत असेल तर तिच्या नजरेत मी काय आहे? चोर नाही हे तिला माहीत. मग चोर म्हणवून घेऊन उभा राहणारा हा कोण?

चोर म्हटलं तर लोक दोन दिवस बोलतात. पत्रा जळला म्हटलं तर मी कोण उरलो असतो? तेव्हा असं वाटलं होतं. म्हणून तुमच्या तुपावर ढकललं. दोन महिन्यांच्या सायीवर.

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले. आज सोमवार, आजपासून वैदेही पुन्हा कामावर जाणार होती. काल संध्याकाळी ती उरलेलं श्रीखंड ठेवायला फ्रीजर उघडून उभी राहिली, ती उभीच. आत तुमचा डबा. झाकणावर कागद चिकटवलेला, तुमच्या त्या कोरलेल्या अक्षरात. मलाही वाचता आलं. "सोम ते बुध." तीस गोळे.

ती तिथेच खाली फरशीवर बसली. "बाबा, हे टाकवत नाही. आणि करवतही नाही."

मी म्हटलं, "मी करतो."

"तुम्ही?" तिनं वर बघितलं. "घोड्याची चंदी?"

"घोड्याचीच. माझ्याच घराण्यातली आहे."

आज सकाळी पाचला उठलो. ओव्हनचा खटका सईनं रात्रीच दाखवून ठेवला होता. तरी पत्र्यावर चिमूटभर कणीक टाकून आग बघितली. आकड्यांवर माझा विश्वास नाही. दहा गोळे लावले आणि तुमच्या खुर्चीत बसलो. पहिल्यांदाच. बसल्यावर कळलं, तिथूनच मागची रांग दिसते, उभ्यानं दिसत नाही. मग बसायचात ते बरोबरच होतं. हे एवढं तुम्हाला देतो.

हललो नाही. पुस्तक घेतलं नाही. कुणाला गोष्ट सांगितली नाही. बिस्किटं झाली. खालून एकसारखी तांबूस, दहाच्या दहा. नितीन दोन घेऊन पळाला. सई म्हणाली, "आजीसारखी टोचतात," आणि तिसरं घेतलं.

वैदेही दाराशी स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होती. मी डबा घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

"वैदेही. तुझ्या आईचा एक पत्रा. त्या दिवाळीचा."

तिनं मान वर केली नाही. नाडीची एक गाठ मारली, दुसरी मारली. मग खालीच बघत म्हणाली, "काका, ते काळं का झालं?"

पंधरा वर्षं ती मला बाबा म्हणते.

मी म्हटलं, "जळलं. माझ्याकडून जळलं, घोडीच्या गोष्टीत राहिलो. तुझ्या आईचं तूप चांगलं होतं. भट्टीवर आलेलं सगळ्यात चांगलं तूप होतं ते."

गेटवर बसचा हॉर्न वाजला. तिनं माझ्या हातातून डबा घेतला, उघडला, त्यातलं एक बिस्किट काढून माझ्या हातावर ठेवलं आणि माझी मूठ मिटवली. मग पळाली.

मी दार लावून घेतलं. तुम्ही सांगितलंत तसं, कडी घालून. आणि तुमच्या खुर्चीत बसून ते खाल्लं, विहीणबाई. सबंध.

मीठ कमी आहे.